पिंजरा आणि सामना : दोन मास्तर, एक गाव

'पिंजरा' मोठा की 'सामना'? जुन्या मराठी चित्रपटांवर बोलणं निघालं की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. तो आला की कोणीतरी लगेच सांगतं, अहो, एक तमाशापट आणि दुसरा राजकीय चित्रपट, त्यांची तुलना कशी होईल? विषय तिथेच मिटतो. हे म्हणणं वरवर समंजस आहे, पण त्यामुळे आपण एक महत्त्वाची गोष्ट बघायचीच टाळतो, असं मला वाटतं. 'पिंजरा' १९७२ चा, 'सामना' १९७५ चा. दोन्हींच्या मध्यभागी एक मास्तर आहे आणि दोन्ही मास्तर डॉ. श्रीराम लागूंनीच उभे केले आहेत. दोन्हींत निळू फुले आहेत. दोन्हींतलं गाव मराठी मुलखातलं, स्वातंत्र्य मिळून पाव शतक झालेल्या काळातल्या प्रेक्षकाला ओळखीचं वाटणारं. शिवाय दोन्ही कथा एकाच गोष्टीभोवती फिरतात : गावातून नाहीसा झालेला एक माणूस. इतकं सामाईक असताना केवळ प्रकार वेगळा म्हणून ते दोन कप्प्यांत ठेवायचे, हे मला मान्य नाही.

हे कप्पे कसे तयार झाले, ते आधी पाहायला हवं. अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. त्यानंतरचं दशक तमाशापटांचं होतं. 'सवाल माझा ऐका', 'केला इशारा जाता जाता', 'एक गाव बारा भानगडी' अशी नावं घेत गेलं तर यादी लांबत जाईल. पाटील, फड, सवाल-जवाब, शेवटी बदला किंवा पश्चात्ताप, हा साचा इतका पक्का झाला की तालुक्याच्या टॉकीजमधला आणि जत्रेतल्या तंबूतला प्रेक्षक त्याच्याकडे घरच्या वस्तूसारखा पाहू लागला. त्याच वर्षांत पुण्या-मुंबईत दुसरंच काही घडत होतं. प्रभातच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं, आणि १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी स्थापन झाली. सत्यजित राय, बर्गमन, कुरोसावा पाहिलेला एक नवा मराठी प्रेक्षक तयार झाला. 'सामना' आला तेव्हा या प्रेक्षकाने तो आपला म्हणून उचलून धरला. 'पिंजरा' त्यानेही पाहिला होता, त्यातली गाणीही त्याच्या ओठांवर होती, पण चर्चेला बसताना तो 'पिंजरा'चं नाव घेत नसे. प्रकारांची भिंत म्हणतो ती बरीचशी प्रेक्षकांमधली भिंत होती.

अर्थात तुलनेला हरकत घेणाऱ्यांचं सगळंच चूक नाही. 'पिंजरा' रंगीत आहे, आणि त्यातला रंग दिग्दर्शकाने मुद्दाम उधळलेला आहे. 'सामना' कृष्णधवल आहे. 'पिंजरा'त गाण्याशिवाय कथा हलत नाही. जगदीश खेबुडकरांचे शब्द, राम कदमांचं संगीत आणि उषा मंगेशकरांचा आवाज काढून घेतला तर मास्तराची घसरण पटणारच नाही, कारण ती घसरण युक्तिवादाने होत नाही, नादाने होते. 'सामना'चा सगळा डोलारा संवादावर आहे. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात आणि त्या बोलण्यातच एकाचं आसन डळमळू लागतं. 'पिंजरा'त संयम नाही म्हणून नाक मुरडणं आणि 'सामना'त रंगत कमी म्हणून तक्रार करणं, दोन्ही निरर्थक आहे. पण चित्रपट कसा सांगितला हे जितकं महत्त्वाचं, तितकंच त्याने स्वतःला कोणता प्रश्न विचारला हेही महत्त्वाचं. तुलना तिथे करता येते.

'पिंजरा' केला तेव्हा व्ही. शांताराम सत्तरीत होते. आयुष्यभर त्यांना एकच विषय पुन:पुन्हा खुणावत राहिला : नियमात बांधलेला पुरुष आणि त्या नियमांच्या पलीकडे जगणारी बाई. १९३९ च्या 'माणूस'मध्ये तो पुरुष पोलीस शिपाई आहे आणि बाई वेश्यावस्तीतली. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'मध्ये विद्वानांच्या घरातला ब्राह्मण तमाशाच्या बोर्डावर जातो. 'पिंजरा'त तो गावाचा गुरुजी आहे आणि बाई तमाशाच्या फडातली चंद्रकला. कथेचा सांगाडा एका जर्मन चित्रपटाशी जुळतो, हे सर्वश्रुत आहे. हाइनरिश मान यांच्या १९०५ च्या कादंबरीवरून जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांनी १९३० साली केलेला 'द ब्लू एंजल'. एमिल यानिंग्जचा कडक प्राध्यापक मार्लेना डीट्रिशच्या नादी लागतो, तिच्या मंडळीत विदूषक होतो, आणि आपल्याच गावात त्याला रंगमंचावर कोंबड्यासारखं आरवायला लावतात. शेवटी तो आपल्या जुन्या वर्गात जातो आणि टेबल घट्ट धरून मरतो.

हे साम्य सांगून आपण थांबतो, आणि तिथेच चुकतो. खरा फरक पुढे आहे. जर्मन प्राध्यापकाची पोरं आधीपासूनच टिंगल करतात, गावाला तो आवडत नाही. 'पिंजरा'तल्या गुरुजींची गाव पूजा करतो. शंकर पाटलांच्या पटकथेने केलेला हा एक बदल सगळ्या कथेचं वजन हलवतो. यानिंग्जचा प्राध्यापक स्वतःची अब्रू घालवतो. गुरुजींची अब्रू मात्र त्यांची एकट्याची नसतेच, ती गावाने त्यांच्याकडे ठेवायला दिलेली असते. १९७२ च्या मराठी प्रेक्षकाला 'गुरुजी' हा शब्द ऐकताच साने गुरुजी आठवत असणार. आचार्य अत्र्यांचा 'श्यामची आई' त्याच्या मनात घर करून होता. खादीतला, मुलांवर माया करणारा, दारूबंदी आणि स्वच्छतेचं सांगणारा शिक्षक हे स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राने आपल्यासाठी रंगवलेलं सर्वात पवित्र चित्र होतं. शांतारामांनी नेमक्या त्या चित्राला हात घातला.

गुरुजी गावात आलेला तमाशाचा फड हुसकून लावतात, तो प्रसंगही कल्पनेतून आलेला नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांताच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. मग तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि अटी घालून फड पुन्हा उभे राहिले. शिकलेल्या मध्यमवर्गाने तमाशाला आधी गावाबाहेर काढायचं, मग धुऊन-पुसून आत घ्यायचं, हे महाराष्ट्रात सरकारी पातळीवर घडून गेलं होतं. शाहीर पठ्ठे बापूराव हे तर जन्माने कुलकर्णी. तमाशातल्या पवळाच्या ओढीने आणि कवनाच्या वेडाने ते जातगोत सोडून फडात गेले. गुरुजींच्या कथेला असे अस्सल मराठी पूर्वज असताना ती केवळ परदेशी नक्कल म्हणून बाजूला सारणं अन्यायाचं आहे.

एक गोष्ट मात्र 'पिंजरा' दडवतो. पवळा महार समाजातली होती. तमाशा ज्यांनी जगवला त्या बहुतेक कलावंतांची जात आणि त्यांचं पोट यांचा संबंध जुना आहे. संध्याबाईंनी उभी केलेली चंद्रकला या सगळ्यातून सोडवून घेतलेली आहे. तिला जात नाही, कर्ज नाही, म्हातारपणाची काळजी नाही. ती रूप, राग आणि नाच यांचीच बनलेली आहे. तमाशापटाच्या प्रकाराने तमाशाच दिसू दिला नाही, हा या प्रकारावरचा सर्वात गंभीर आक्षेप आहे आणि 'पिंजरा' त्यातून सुटत नाही.

तरीही लागूंचं काम पाहावं. तुणतुणं हातात घेऊन चंद्रकलेच्या मागे उभे राहिलेले गुरुजी मी जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा माझी नजर त्यांच्या खांद्यांवर जाते. चित्रपटाच्या सुरुवातीला हा माणूस पाठीचा कणा ताठ ठेवून चालतो, बोलताना मान किंचित वर असते. फडात आल्यावर तेच खांदे आत वळलेले, मान खाली, आणि बोटं तारेवर अशी फिरतात की ती दुसऱ्या कोणाची असावीत. पुढे बाई लवलवत नाचते आहे, प्रेक्षकांचे डोळे तिच्यावर आहेत, आणि मागे एक माणूस स्वतःच्या शरीरातून निघून गेलेला आहे. भडक मांडणीच्या चित्रपटात हे काम नटाने जवळपास एकही शब्द न वापरता केलं आहे. लागूंचं 'नटसम्राट' नाटक नुकतंच गाजलेलं होतं. त्यातला आवाजाचा पल्ला इथे लागूंनी जवळपास बाजूला ठेवला आहे.

आता 'सामना'कडे येऊ. जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट. व्यवसायाने ते डॉक्टर, आणि तोवर त्यांची ओळख 'घाशीराम कोतवाल'चे दिग्दर्शक अशी. पटकथा विजय तेंडुलकरांची, निर्मिती रामदास फुटाणे यांची. म्हणजे माणसं बहुतेक नाटकातली आणि साहित्यातली, सिनेमाच्या धंद्यातली नव्हेत. तेंडुलकरांनी 'शांतता! कोर्ट चालू आहे', 'गिधाडे', 'सखाराम बाइंडर' लिहून मध्यमवर्गाला पुरतं अस्वस्थ करून झालं होतं. 'सखाराम बाइंडर'मध्ये सखाराम होते निळू फुलेच. 'सामना'त तेंडुलकर पहिल्यांदा सहकारी साखर कारखान्याच्या आवारात शिरले.

ती निवड किती धाडसाची होती हे आज पटकन लक्षात येत नाही. प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तो १९५० च्या सुमारास. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या कष्टांतून शेतकऱ्याच्या मालकीचा कारखाना ही गोष्ट प्रत्यक्षात आली होती, आणि तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. कारखाना, बँक, शिक्षणसंस्था, दूधसंघ आणि पंचायत यांच्या चाव्या हळूहळू एकाच वाड्यात जमू लागल्या. या नव्या सत्तेवर पडद्यावर कोणी नीट बोललं नव्हतं. तमाशापटातला पाटील होता, पण तो फेटा बांधून मिशीवर ताव देणारा जुना पाटील. 'सामना'तला हिंदुराव धोंडे पाटील नव्या जमान्याचा आहे. त्याच्याकडे जीपगाडी आहे, कोंबड्यांचा पोल्ट्रीफार्म आहे, विकासाची भाषा आहे, आणि आपण गावाचं भलं केलं आहे याची त्याला मनापासून खात्री आहे.

निळू फुल्यांनी हा हिंदुराव खलनायक म्हणून केलाच नाही. त्यांना राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातली तालीम होती आणि लोकनाट्याच्या बोर्डावर प्रेक्षकांशी थेट बोलायची सवय होती. इथे ते आवाज खाली ठेवतात. अंगणात एक फाटका, दारूने झिंगलेला परका माणूस येतो, आणि हिंदुराव त्याला हाकलून न देता ठेवून घेतो, प्यायला देतो, बोलायला बसवतो. का? मला वाटतं, आसपासच्या हुजऱ्यांच्या गर्दीत त्याला पहिल्यांदाच असा माणूस भेटतो ज्याला त्याच्याकडून काही नको आहे. त्या मैत्रीत खरेपणा आहे. म्हणूनच पुढे हाच माणूस, म्हणजे मास्तर, जेव्हा गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेबद्दल विचारू लागतो तेव्हा हिंदुरावच्या चेहऱ्यावर रागाच्या आधी दुखावलेपण येतं. सत्ताधाऱ्याला इतकं माणूस म्हणून पाहणारा चित्रपट मराठीत त्याआधी मला दिसत नाही.

मारुती कांबळे, लष्करातून परतलेला एक साधा माणूस. मोहन आगाशे थोडा वेळच दिसतात, पण सगळा चित्रपट त्यांच्या गैरहजेरीने भरलेला आहे. त्याचं काय झालं, हा मास्तरचा एकच प्रश्न. तो दारूच्या नशेत विचारतो, शुद्धीवर असताना विचारतो, ज्याला त्याला विचारतो. हा प्रश्न नंतर मराठी बोलण्यात इतका रुजला की चित्रपट न पाहिलेली माणसंही दडपलेल्या प्रकरणावर बोलताना तो वापरतात. मराठी चित्रपटातल्या एखाद्या वाक्याने इतका सार्वजनिक उपयोग मिळवल्याचं दुसरं उदाहरण चटकन आठवत नाही. १९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी लागू झाली. त्याच वर्षी हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. प्रश्न विचारण्याचीच चोरी झालेल्या त्या महिन्यांत एक दारुडा मास्तर तोच प्रश्न पुन:पुन्हा विचारत होता, हा योगायोग करणाऱ्यांनी ठरवलेला नव्हता, पण पाहणाऱ्यांना तो कळल्याशिवाय राहिला नसेल.

आता दोन्ही चित्रपट शेजारी ठेवावेत. 'पिंजरा'त एक प्रेत आहे, चेहरा ओळखू न येणारं, अंगावर गुरुजींचे कपडे. गाव समजतो गुरुजी गेले. शोक होतो, पुतळा उभा राहतो, त्यांच्या नावाने गाव शहाण्यासारखं वागू लागतो. खरे गुरुजी जिवंत असतात, फडाबरोबर हिंडत असतात, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली पकडले जातात. खरं सांगितलं तर ते सुटतील, पण मग गावाचा गुरुजी मरेल. म्हणून ते गप्प राहून फाशी स्वीकारतात. 'सामना'त उलट आहे. इथे मेलेला माणूस खरोखर मेला आहे आणि गावाने त्याला विसरायचं ठरवलं आहे. त्याचा पुतळा सोडा, नावही कोणी काढत नाही. एक मास्तर गावाचं समाधान टिकावं म्हणून सत्य गिळतो. दुसरा मास्तर गावाचं समाधान मोडलं तरी चालेल म्हणून सत्य उकरतो. एकाने स्वतःचा जीव दिला, दुसऱ्याने आश्रयदात्याचं मीठ खाऊन त्याच्याविरुद्ध उभं राहण्याचं ओझं घेतलं. दोन्ही चित्रपटांचा प्रश्न एकच आहे : गावाला एकत्र ठेवणारं खोटं सांभाळायचं की नाही?

'पिंजरा' म्हणतो, सांभाळायचं. शांताराम हे खऱ्या कळवळ्याने म्हणतात, आणि गुरुजींच्या त्यागात ते प्रेक्षकाला इतकं गुंतवतात की त्या उत्तराकडे शांतपणे बघायला सवड मिळत नाही. अतिनाट्याचा प्रकार यासाठीच असतो. भावनेचा पूर आला की प्रश्न वाहून जातात. पण चित्रपट संपल्यावर विचार करावा, तर जे दिसतं ते भयंकर आहे. एक निरपराध माणूस फासावर जातो, कोर्ट त्याला शिक्षा देतं, आणि ज्या गावासाठी हे घडलं ते गाव आपल्या पुतळ्यापुढे हात जोडून उभं असतं. चित्रपटाने ठरवलं होतं त्यापेक्षा कितीतरी मोठं सत्य त्यात येऊन गेलं आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुतळ्याला हात जोडायला शिकलेलं गाव जिवंत माणसाला ओळखत नाही. त्याच्या समोरून त्याचा गुरुजी जातो आणि गाव त्याला फडातला नोकर समजतो.

हे लक्षात आलं की 'सामना'तलं गाव वेगळं वाटत नाही. मोठ्या माणसापुढे मान झुकवायची, तो सांगेल ते खरं मानायचं, मधलं प्रेत कोणाचं ते विचारायचं नाही, ही सवय तिथे आधीच लागलेली आहे. पुतळ्याच्या जागी फक्त चेअरमनसाहेब बसले आहेत. हिंदुराव हा गुरुजींच्या गावाचा पुढचा टप्पा आहे. एकाच प्रकारातले चित्रपट एकमेकांशी ताडून पाहिले असते तर ही साखळी दिसली नसती. 'पिंजरा' 'सांगत्ये ऐका'शी ताडला तर नाच आणि गाणी यांची तुलना होते. 'सामना' १९७९ च्या 'सिंहासन'शी ताडला तर राजकारणाची होते. 'सिंहासन'ही तेंडुलकर-पटेलांचाच, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा, आणि गंमत अशी की त्यात लागू सत्तेच्या बाजूला आहेत आणि निळू फुले बातमीदार होऊन प्रश्नांच्या बाजूला. ती तुलनाही उपयोगाची आहे. पण गाव आणि त्याची श्रद्धा यांचा माग 'पिंजरा' ते 'सामना' या वाटेनेच लागतो.

तेंडुलकरांच्या डोक्यात मास्तर त्या वर्षी घर करून होता, याची साक्ष आणखी एका ठिकाणी मिळते. श्याम बेनेगल यांच्या १९७५ च्याच 'निशांत'ची पटकथा त्यांची आहे. तेलंगणातलं जमीनदारी गाव, गिरीश कर्नाडांनी केलेला शाळामास्तर, जमीनदारांच्या माणसांनी पळवून नेलेली त्याची बायको. तिथला मास्तर शेवटी गाव पेटवतो, आणि पेटलेला गाव कोणाचंही ऐकत नाही. 'सामना'चा मास्तर गाव पेटवत नाही, फक्त विचारत राहतो. या दोन शक्यता तेंडुलकरांनी एकाच वर्षात लिहून पाहिल्या, आणि त्या दोन्ही एका सांगण्यात बसणाऱ्या नव्हत्या.

गाण्यांचा दुवा मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. 'सामना'तही लावणी आहे. लता मंगेशकरांनी गायलेली, भास्कर चंदावरकरांच्या संगीतातली, आणि लिहिणारे पुन्हा जगदीश खेबुडकरच. 'पिंजरा'त लावणी ही शक्ती आहे, ती गावाचा कणा वाकवते. 'सामना'त ती मोठ्या माणसाच्या पाहुणचाराचा भाग आहे. तिने कोणाचं काही वाकत नाही, ती पैसे देऊन मागवलेली असते. हे तमाशाच्या खऱ्या स्थितीच्या जास्त जवळ जाणारं चित्र आहे, आणि ते तमाशापटाने नव्हे, राजकीय चित्रपटाने दाखवलं. याच चित्रपटात आरती प्रभूंचं, रवींद्र साठ्यांच्या आवाजातलं ते जड पावलांचं गाणंही आहे. त्यावर कोणी नाचत नाही, ते कोणाला रिझवत नाही. मास्तरच्या मनातलं ते चालत राहतं.

'सामना'च्या पारड्यात इतकं टाकल्यावर त्याची उणीवही सांगायला हवी. त्यात बाई जवळपास नाहीच. पुरुष बोलतात, पुरुष मारतात, पुरुष प्रश्न विचारतात. 'पिंजरा' चंद्रकलेला मोह म्हणून रंगवतो हे खरं, पण तिला निदान राग आहे, प्रतिज्ञा आहे, आणि पुढे पश्चात्तापही आहे. कथा ती घडवते. विचाराच्या चित्रपटांनी त्या काळात स्त्रीकडे कमी पाहिलं आणि रंजनाच्या चित्रपटांनी तिच्याकडे चुकीचं पाहिलं. ही कोंडी फोडायला पटेल-तेंडुलकर जोडीला १९८२ च्या 'उंबरठा'पर्यंत यावं लागलं.

मग मोठा कोणता? मी उत्तर टाळणार नाही. माझ्या लेखी 'सामना' मोठा आहे. तो प्रेक्षकाला भावनेच्या भरात सोडून देत नाही, त्याला विचारायला लावतो, आणि सत्ताधाऱ्याला राक्षस न करता दोषी ठरवतो. ही अवघड गोष्ट आहे. पण हे म्हणताना 'पिंजरा' कमी प्रतीचा ठरत नाही. 'सामना' ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत तो पोचला नाही. 'पिंजरा' पोचला, आणि गावाच्या मनात पुतळ्याची भूक किती खोल आहे हे त्याने आतून दाखवलं, कारण त्याच्या दिग्दर्शकाला स्वतःलाही ती भूक होती. 'सामना'चे कर्ते त्या भुकेच्या बाहेर उभे होते, म्हणून त्यांना ती स्पष्ट दिसली, पण तिची ऊब त्यांना दाखवता आली नाही.

पुढच्या मराठी चित्रपटांनी हे दोन धागे कुठे नेले हेही थोडक्यात पाहावं. आनंद यादवांच्या कादंबरीवरच्या २०१० च्या 'नटरंग'मध्ये पैलवान गुणा नाच्या होतो, आणि तमाशात उतरणाऱ्या पुरुषाची घसरण प्रथमच नीतीची न राहता पोटाची आणि कलेची होते. २०११ च्या 'देऊळ'ने गावाच्या श्रद्धेतून पैसा आणि राजकारण कसं उभं राहतं ते दाखवलं. 'सामना'चं गाव आणि 'पिंजरा'चा पुतळा तिथे एकाच जागी आले. २०१३ च्या 'फँड्री'मध्ये शाळकरी जब्याचं कुटुंब मारलेलं डुक्कर काठीला बांधून शाळेच्या भिंतीवरून नेतं, आणि त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई, शाहू महाराज, गाडगेबाबा रंगवलेले असतात. नागराज मंजुळे यांनी तिथे एक शब्द उच्चारला नाही. शाळा आहे, थोर माणसं भिंतीवर आहेत, आणि जिवंत पोरगं त्यांच्यासमोरून मान खाली घालून चाललं आहे. गुरुजींच्या पुतळ्यापासून सुरू झालेला प्रश्न तिथवर येतो, आणि या वेळी मास्तर बाजूला राहून विद्यार्थी मध्यभागी येतो.

ज्यांनी हे दोन्ही चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी 'पिंजरा' आधी पाहावा, दुसऱ्या दिवशी 'सामना'. उलट क्रमाने पाहिलं तर 'सामना'ची सवय लागलेल्या डोळ्यांना 'पिंजरा'ची मांडणी भडक वाटेल आणि त्यातला गाव दिसायचाच राहील. आधी 'पिंजरा' पाहिला की हिंदुरावच्या अंगणात उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे ओळखीचे वाटतात, आणि मास्तर कोणाला विचारतो आहे ते नीट कळतं.